सव्वीस टेक, दोन रात्री आणि एक खणखणलेला ग्लास

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे तो मला नीट कळलाय का हे तुम्हालाही बघता येईल. पियानो, डबल बास आणि ड्रम असं तुमचं जॅझ त्रिकूट आहे. एका छोट्या क्लबमध्ये लागोपाठ दोन रात्री तुम्ही चार सेट वाजवले आणि प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर घेतला. हाताशी 11 रचनांचे मिळून 26 टेक (एकेकदा वाजवून घेतलेली ध्वनिमुद्रणं) आहेत, त्यातून आठ निवडून पहिला लाइव्ह अल्बम काढायचा आहे. अडचणी तीन. पियानोच्या माइकमध्ये ड्रम आणि बास भरपूर शिरलेत. पियानो वाजवताना तुम्ही गुणगुणता, तेही ऐकू येतं. आणि सगळ्यात सुंदर जमलेल्या बॅलडमध्ये, म्हणजे संथ रचनेत, नेमका बासच्या सोलोच्या वेळी, कोणाचा तरी ग्लास खणकन वाजलाय. मित्रानं सुचवलंय की स्टुडिओत जाऊन पियानो नव्यानं वाजवून वर चढवा, लोकांचे आवाज पुसून टाका आणि शेवटी टाळ्या जोडा.

मित्राचा हा सल्ला मानू नका. गेली बावीस वर्षं मी अशा छोट्या मैफलींचं ध्वनिमुद्रण करते आहे आणि तुमच्यासारखा प्रश्न घेऊन दर वर्षी कोणी ना कोणी येतंच. प्रश्न लीकेजचा, म्हणजे एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरण्याचा म्हणून येतो, पण बहुतेक वेळा खरी अडचण निवडीची असते. कोणत्या टेकवर विश्वास ठेवायचा हे एकदा ठरलं की लीकेज, गुणगुण, ग्लास या गोष्टींचं काय करायचं ते बरंचसं आपोआप ठरतं. निवड न करताच साफसफाईला बसलात तर 26 टेक साफ करत बसाल आणि महिन्याभरानं कान इतके थकतील की त्यातला एकही आवडेनासा होईल.

आता, मला इथून दिसत नाहीत अशा काही गोष्टींवर उत्तर अवलंबून आहे. पियानोचं झाकण पूर्ण उघडं होतं की अर्धं? ड्रम पियानोच्या कोणत्या बाजूला होते? बासला माइक आणि पिकअप (वाद्यालाच लावलेलं, कंपनं टिपणारं साधन) दोन्ही होते का? दुसऱ्या रात्रीच्या आधी पियानो पुन्हा सुरात लावला होता का, आणि मधल्या वेळात माइक कोणी हलवले का? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं सर्वांत आधी शोधा. पियानो नव्यानं लावला असेल किंवा माइक हलले असतील, तर पहिल्या आणि दुसऱ्या रात्रीचे टेक एकमेकांना जोडता येणार नाहीत. जोड कितीही सफाईनं दिला तरी पियानोचा पोत त्या क्षणी बदलतो आणि कानाला ते कळतं, मग ऐकणाऱ्याला नेमकं काय झालं ते सांगता येवो न येवो.

पियानो पुन्हा वाजवण्याचा मुद्दा आधी निकालात काढू. समजा तुम्ही स्टुडिओत जाऊन तोच भाग निर्दोष वाजवलात. पण त्या रात्रीचा तुमचा पियानो बासच्या माइकमध्ये आहे, ड्रमच्या ओव्हरहेडमध्ये (वरून लावलेल्या माइकमध्ये) आहे, खोलीच्या माइकमध्ये तर आहेच. पियानोचे माइक बंद केले तरी तो तिथे राहतो. नवा पियानो त्यावर चढवला की मागून जुन्याची सावली ऐकू येते, आणि दोघांचा सूर केसभर जरी वेगळा असला तरी सगळंच बेसूर भासतं. ही झाली तांत्रिक बाजू. त्याहून मोठी गोष्ट अशी की बासवाल्यानं त्या रात्री जे वाजवलं ते तुमच्या त्या रात्रीच्या वाजवण्याला दिलेलं उत्तर होतं. प्रश्न बदलून उत्तर तेच ठेवलं तर संभाषण उरत नाही.

यासाठी अमेरिकन पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रिकूटाचं 25 जून 1961 चं ध्वनिमुद्रण ऐका. ऐकलं असेल तर आता या नजरेनं पुन्हा ऐका. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या क्लबमध्ये, एका रविवारी दुपारी दोन आणि संध्याकाळी तीन असे पाच सेट झाले. बासवर स्कॉट लाफारो, ड्रमवर पॉल मोशन. लाफारो इथे प्रत्येक ठोक्यावर एक स्वर ठेवत चालत नाही. तो पियानोच्या वाक्यात मध्येच बोलतो, कधी थांबून वाट बघतो, कधी वरच्या सप्तकात जाऊन पियानोच्याच उंचीवर गातो. मोशनही ठेका मोजून दाखवत नाही, ब्रश (तारांचा कुंचा) आणि सिंबलनं (झांजेनं) तो नुसता सुचवतो. ठोका तिघांच्याही मनात चालू असतो, त्यामुळे तो कोणी एकानं सतत वाजवावा लागत नाही. यातल्या एकाचा ट्रॅक काढून दुसऱ्या दिवशी वाजवलेला घाला अशी कल्पना करून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते लगेच कळेल.

लीकेजकडे वळू, कारण तुमची झोप उडवणारी गोष्ट ती आहे. आवाज एका सेकंदात साधारण 343 मीटर जातो, म्हणजे तीन मीटर जायला त्याला जेमतेम 9 मिलिसेकंद लागतात. तुमचे ड्रम पियानोपासून तीन मीटरवर असतील तर स्नेअरचा (ड्रममधल्या छोट्या, कडक आवाजाच्या ढोलाचा) फटका आधी स्वतःच्या माइकमध्ये पोचतो आणि 9 मिलिसेकंदांनी पियानोच्या माइकमध्ये. दोन्ही माइकांचे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या) वर केले की एकच फटका दोनदा येतो. इतक्या कमी अंतरानं आल्यामुळे कानाला दोन फटके कळत नाहीत, एकच फटका पुसट, धूसर झालेला कळतो. त्यात पियानोचं उघडं झाकण मोठ्या आरशासारखं काम करतं आणि समोरच्या राइड सिंबलचा (ठेका धरणाऱ्या मोठ्या झांजेचा) आवाज गोळा करून थेट माइकवर टाकतं. म्हणून तुम्हाला वाटतंय की पियानोत सिंबल भरलाय. तो भरलेलाच असणार.

इथे बहुतेक जण गेट (आवाज हळू झाला की माइक आपोआप बंद करणारं साधन) लावतात किंवा ईक्यूनं (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनानं) सिंबल कापायला जातात. दोन्ही नको. गेट पियानोच्या स्वराबरोबर उघडतो आणि मिटतो, आणि त्याबरोबर सिंबलची धारही आत-बाहेर होते, जणू तो धापा टाकतोय. ईक्यूचं असं की पियानोच्या माइकवर केलेला प्रत्येक बदल त्यात शिरलेल्या सिंबललाही लागू होतो. पियानो जरा उजळ केला की सिंबल टोचायला लागतो. सिंबल टोचतो म्हणून वरचा भाग कापला की पियानो घोंगडीखाली जातो.

मी काम उलट्या टोकानं सुरू करते. सगळे फेडर खाली आणायचे. मग कोणत्या दोन माइकमध्ये तिघं एकत्र सर्वांत नैसर्गिक ऐकू येतात ते शोधायचं. कधी ते ड्रमवरचे ओव्हरहेड निघतात, कधी खोलीचे माइक आणि कधी चक्क पियानोचेच, कारण लीकेजमुळे अख्खं त्रिकूट त्यात आलेलं असतं. ती जोडी वर करून एक संपूर्ण रचना काहीही न बदलता ऐकायची, आणि ऐकताना फक्त उणीव शोधायची. बासचं बोट तारेवर पडतं तो क्षण कळत नाही? मग बासचा माइक तो कळेल इतकाच वर आणा. पियानोचा डावा हात दूर वाटतो? तर पियानोचे माइक थोडे. अशा पद्धतीत प्रत्येक जवळचा माइक दोन-तीन पायऱ्या खालीच राहतो आणि धूसरपणा बराचसा आपोआप ओसरतो.

दोन बारकावे सांगते, कारण इथेच बहुतेक मिक्स (सगळे ट्रॅक एकत्र मिसळणं) बिघडतात. पहिला पोलॅरिटीचा, म्हणजे ध्वनिलाटेच्या वर-खाली दिशेचा. बासचा माइक आणि पिकअप एकत्र ऐका, सगळं मोनो करा (डावी-उजवी बाजू एकत्र करा) आणि एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटवून बघा. ज्या स्थितीत खालचा स्वर भरीव लागतो ती ठेवा. मग हाच प्रयोग बासचा माइक आणि ओव्हरहेड यांच्यात करा. पाच मिनिटांचं काम आहे, पण कित्येकदा ‘बासला वजनच नाही’ ही तक्रार तेवढ्यावर मिटते. पिकअपमध्ये लीकेज नसतं म्हणून फक्त तोच वापरायचा मोह होईल. तो आवरा, कारण एकट्या पिकअपचा बास रबरासारखा ताणलेला वाटतो, लाकडाचा वास त्याला येत नाही.

दुसरा बारकावा डाव्या-उजव्या बाजूचा. तुमचा पियानो तुम्ही वादकाच्या जागेवरून मांडलाय, म्हणजे खालचे स्वर डावीकडे आणि वरचे उजवीकडे, असं समजू. आणि ड्रम मांडलेत प्रेक्षकांच्या जागेवरून. अशा वेळी पियानोच्या माइकमध्ये शिरलेला राइड सिंबल एका बाजूला ऐकू येतो आणि ड्रमच्या माइकमधला तोच सिंबल दुसऱ्या. ड्रमवाला एकाच वेळी दोन ठिकाणी बसतो, आणि मग लोक म्हणतात लीकेज फार आहे. लीकेज तेवढंच असतं, फक्त ते चुकीच्या दिशेला उभं असतं. कागदावर त्या रात्रीच्या मंचाचा आराखडा काढा, प्रेक्षकांत एक खुर्ची ठरवा आणि सगळे माइक त्या एका खुर्चीवरून मांडा. पियानोच्या दोन माइकांची बाजू अदलाबदल करून कोणत्या स्थितीत सिंबल एकाच जागी येऊन बसतो ते बघा. तो जागेवर बसला की हाच शत्रू मित्र होतो, त्या खोलीला गहिरेपणा देणारा आवाज तोच असतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका त्रिकूटाच्या मैफलीला मी तिघांच्या मध्ये पडदे उभे केले, पियानोचं झाकण जवळजवळ मिटवून वर जाड ब्लँकेट टाकलं आणि प्रत्येकाला हेडफोन दिले. ट्रॅक इतके स्वच्छ आले की मी घरी जाताना मनातून खूश होते. दुसऱ्या दिवशी ऐकायला बसले तर ड्रमवाला ब्रशनं वाजवत असूनही सतत जरा जोरातच होता, कारण पियानोचा हळुवार डावा हात त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. बासवाला बिचकत वाजवत होता. स्वच्छ ट्रॅकवर तीन सावध माणसं होती. ते ध्वनिमुद्रण कधीच प्रसिद्ध झालं नाही, आणि त्याला कारण मी होते. तेव्हापासून ‘लीकेज किती?’ हा प्रश्न मी नंतर विचारते, आधी ‘तिघांना एकमेकांचं ऐकू येत होतं का?’ हे विचारते. तुम्ही लिहिलंय की मंचावर मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेले स्पीकर) नव्हते, नुसत्या कानांवर वाजवलंत. माझ्या मते तुमच्या हातात असलेली सर्वांत मौल्यवान गोष्ट ती आहे.

निवडीवर जरा जास्त वेळ घालवते. शेवटच्या रात्रीनंतर किमान दोन आठवडे काहीही ऐकू नका. मग प्रत्येकानं स्वतंत्रपणे, जमलं तर साध्या छोट्या स्पीकरवर, चारही सेट वाजवलेल्या क्रमानं ऐकायचे. स्क्रीनकडे न बघता, कारण लाटांचं चित्र दिसलं की डोळे चुका शोधू लागतात. पूर्ण सेट ऐकायचा, सुटी रचना नाही. प्रत्येक सेटला एक चढण असते, तिसऱ्या रचनेत तुम्ही का खुलला होतात याचं कारण दुसऱ्या रचनेत असतं. ऐकताना एकच खूण करायची: आपण स्वतःकडे लक्ष द्यायचं कुठे विसरलो. स्वतःच्या चुका टिपणारा वादक स्वतःचाच ट्रॅक ऐकतो. आपल्याला तिघांचं मिळून काय झालं ते हवंय.

तिघांच्या खुणा जुळवल्यावर मी कशाला वजन देते ते सांगते. पहिलं वजन चालीला, म्हणजे लयीच्या वेगाला. थीम (रचनेची मूळ धून) सुरू होताना आणि शेवटी परतताना मिनिटाला किती ठोके पडतात ते मोजा. 132 वर सुरू होऊन 137 वर संपलेला टेक मला बहुधा जिवंत वाटतो. 132 वरून 150 वर गेलेला टेक त्या रात्री टाळ्या घेऊन गेला असेल, पण घरी तिसऱ्यांदा ऐकताना दम लागतो. दुसरं वजन बास आणि ड्रम यांच्या जुळणीला. बासचा स्वर आणि राइडचा ठोका एकत्र पडतात का, आणि मागे-पुढे पडत असतील तर तो फरक टेकभर तसाच टिकतो का? तिसरं सोलोंना. चुकलेल्या स्वरांचा नंबर अगदी शेवटी लागतो. तुम्ही पाठवलेल्या निकषांच्या यादीत ते सर्वांत वर होते. ते खाली ढकलणं जड जाईल, पण करून बघा.

या कामात निर्दय व्हावं लागतं, आणि त्याचं माझं आवडतं उदाहरण पियानोवादक अहमद जमालचं आहे. जानेवारी 1958 मध्ये शिकागोच्या पर्शिंग हॉटेलच्या लाउंजमध्ये इझ्राएल क्रॉस्बी (बास) आणि व्हर्नेल फोर्नियर (ड्रम) यांच्याबरोबर त्याच्या त्रिकूटाच्या 43 रचना ध्वनिमुद्रित झाल्या. त्यातून जमालनं स्वतः फक्त आठ निवडल्या. ‘अ‍ॅट द पर्शिंग: बट नॉट फॉर मी’ हा तो अल्बम शंभराहून अधिक आठवडे अमेरिकेतल्या विक्रीच्या यादीवर होता. उरलेल्या 35 काही वाईट नव्हत्या. पण आठ एकमेकींच्या शेजारी उभ्या राहिल्या की अल्बम होतो, 43 चा ढीग होतो.

आणि निवडीला एखादं कारण असलं की ती सोपी होते. व्हॅनगार्डच्या त्या रविवारनंतर अकराव्या दिवशी, 6 जुलै 1961 ला, लाफारो मोटार अपघातात गेला. तो 25 वर्षांचा होता. इव्हान्स त्यानंतर कित्येक महिने मंचावर आला नाही. त्यानं आणि निर्माता ऑरिन कीपन्यूज यानं पहिल्या तबकडीसाठी निवड केली ती लाफारो पुढे दिसावा अशी. ‘संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ सुरू होते लाफारोच्या ‘ग्लोरियाज स्टेप’नं आणि संपते त्याच्याच ‘जेड व्हिजन्स’नं. उरलेल्या साहित्यातून पुढच्या वर्षी ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ आली, आणि तिचा बाज वेगळा आहे. तीच खोली, तोच दिवस, तीच तीन माणसं, पण दोन वेगळ्या तबकड्या. तुमच्या 26 टेक्समध्येही एकाहून जास्त अल्बम दडलेले असतील. त्यातला कोणता काढायचा हे तिघांनी एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

इथवरचं थोडक्यात: पियानो पुन्हा वाजवायचा नाही. मिक्स तिघांना एकत्र पकडणाऱ्या जोडीपासून उभं करायचं आणि एका खुर्चीवरून मांडायचं. निवड आधी, सफाई नंतर, आणि निवडीत चालीला पहिला मान.

जोडकामाबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण ते विचार मनात येणारच. एका टेकची थीम आणि दुसऱ्याचा सोलो जोडलेला चालतो का? माझी मर्यादा अशी आहे: त्या दोन रात्रींत त्या खोलीत जे वाजलं तेवढ्यातच फिरायचं. सुरुवातीची मोजणी कापली, दोन रचनांमधलं लांबलेलं बोलणं छाटलं, लांबलेल्या सोलोतलं 32 बारचं (बार म्हणजे ठोक्यांचा एक छोटा गट) एक पूर्ण आवर्तन काढलं, तर माझी हरकत नसते. जोड द्यायचाच झाला तर सिंबलवरच्या जोरदार ठोक्याच्या किंचित आधी द्या, म्हणजे नवा ठोका जुन्याची लांबलेली शेपटी झाकतो. शांत जागी जोड देऊ नका. तिथे आधीच्या सिंबलची झणझण मध्येच तुटते आणि ते लगेच कळतं. पण मुळात दुसरा चांगला टेक असेल तर जोडण्यापेक्षा तोच घ्या. व्हॅनगार्डमध्ये त्या दिवशी ‘ग्लोरियाज स्टेप’च्या पहिल्या टेकमध्ये वीज गेल्यामुळे ध्वनिमुद्रणात खंड पडला. तो टेक ठिगळ लावून तबकडीवर घातला नाही, नंतरच्या सेटमधला दुसरा टेक घेतला. खंडित टेक 2005 मध्ये संपूर्ण संच निघाला तेव्हा जसा होता तसा लोकांसमोर आला. एकच रचना एका दिवसात दोन-तीनदा वाजवून ठेवण्याचा फायदा हा असतो, आणि तो तुम्हालाही आहे.

तुमच्या गुणगुणण्याबद्दल फार लिहीत नाही. एरल गार्नर आणि कीथ जॅरेट हे पियानोवादक; गार्नरचं हुंकारणं आणि जॅरेटचं गाणं कित्येक ध्वनिमुद्रणांत स्पष्ट ऐकू येतं. तुमचा आवाज आणि पियानोचा मधला भाग एकाच पट्ट्यात आहेत, एक कापला की दुसरा जातो. झाकणाजवळच्या माइकपेक्षा लांबच्या माइकवर जास्त भर दिलात तर तो आपोआप मागे सरकेल. तेवढं पुरे.

गार्नरचं नाव निघालं म्हणून एक सांगते. ‘कॉन्सर्ट बाय द सी’ हा त्याचा 1955 चा त्रिकूटाचा कार्यक्रम कॅलिफोर्नियातल्या कार्मेलमध्ये झाला. तिथे अल्बम काढायचं ठरलेलं नव्हतं. कोणीतरी मंचामागे टेपरेकॉर्डर चालू ठेवला होता. त्याची व्यवस्थापक मार्था ग्लेझर हिला तो सापडला आणि ती टेप पुढे कोलंबिया या तबकड्यांच्या कंपनीनं प्रसिद्ध केली. बास धड ऐकू येत नाही, तरी त्या काळी जॅझमध्ये क्वचितच होते अशी तिची विक्री झाली. वाजवणं तेवढं तेजस्वी असेल तर ऐकणारा किती माफ करतो हे त्यातून कळतं. पण म्हणून तुमच्या बासवाल्याला हरवू देऊ नका. गार्नरचा बासवाला एडी कॅलहून याचा बास पुढे आणायला कोणाकडे वेगळा ट्रॅक नव्हता, तुमच्याकडे आहे.

प्रेक्षकांच्या आवाजांसाठी माझा एक साधा निकष आहे. ज्या आवाजाला अर्थ आहे तो दर वेळी कान ओढतो: स्पष्ट कळणारं वाक्य, फोनची धून, कोणाचं नाव. फोनच्या धुनेला तर स्वतःचा सूर असतो आणि तो रचनेच्या सुराशी भांडतो. असे आवाज असलेला टेक मी शक्यतो घेत नाही. ज्याला अर्थ नाही तो आवाज, म्हणजे खुर्ची, खोकला, दुरून येणारी कुजबुज, दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्यात खोलीत मिसळून जातो. व्हॅनगार्डच्या त्या ध्वनिमुद्रणात लोक बोलताहेत, ग्लास वाजताहेत, आणि साठ वर्षांहून जास्त काळ लोक ते प्रेमानं ऐकताहेत.

टाळ्या बाहेरून आणून जोडू नका. तुमच्याच टाळ्या ठेवा, आणि एकच तुकडा दोनदा वापरू नका, कारण त्यातली एखादी शिट्टी ओळखू येते. शेवटचा सिंबल पूर्ण विरू द्या, टाळ्या पाच-सहा सेकंद राहू द्या आणि मग हळूहळू खाली न्या. पण पूर्ण शांततेपर्यंत नेऊ नका. दोन रचनांमध्ये खोलीचा नुसता श्वास चालू ठेवा. तुमच्या सेटमध्ये कोणी बोलत नसलेली, वाजवत नसलेली पंधरा-वीस सेकंद कुठेतरी नक्की सापडतील, तेवढी खूप झाली. ती नसली तर प्रत्येक रचनेनंतर दिवा मालवल्यासारखं वाटतं. वरून मोठ्या सभागृहाचा रिव्हर्बही (कृत्रिम घुमणंही) घालू नका. लीकेजमध्ये क्लबची खोली आधीच आहे, त्यावर दुसरी खोली चढवली की त्या एकमेकींना आपटतात.

क्रमाबद्दल: मैफलीचाच क्रम ठेवायला हवा असं नाही. ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ सुरू होते ‘माय फूलिश हार्ट’ या संथ बॅलडनं, आणि पहिल्या स्वरापासून ऐकणारा पुढे वाकून बसतो. फक्त दोन्ही रात्रींच्या पियानोचा सूर वेगळा असेल तर एका रात्रीच्या रचना शक्यतो सलग ठेवा, आणि एकाच पट्टीतल्या, एकाच चालीच्या दोन रचना शेजारी आणू नका. आठच हव्यात असाही हट्ट नको. तुमच्या रचना सात-आठ मिनिटांच्या असतील तर सहात अल्बम भरतो. जॅरेटच्या त्रिकूटानं 1994 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘ब्लू नोट’मध्ये तीन रात्री वाजवलेले सहाच्या सहा सेट सहा सीडींवर काढले, पण तोपर्यंत ते तिघं दहा वर्षांहून जास्त एकत्र वाजवत होते आणि त्यांच्या ऐकणाऱ्यांना प्रत्येक रात्रीतला फरक ऐकायचा होता. पहिल्या अल्बमला ती मुभा नसते.

राहिला तुमच्या बॅलडमधला ग्लास. आवाज काढणारी साधनं हल्ली फार चांगली आहेत, पण तो पूर्ण पुसलात तर त्या जागी ब्रशच्या सरसरीलाही भोक पडतं. नुसता सहा-आठ डेसिबल खाली आणून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. पण त्याआधी एक काम करा. बासवाल्याला शेजारी बसवून ते चार बार सात-आठ वेळा ऐका आणि ग्लास वाजल्यानंतर त्यानं पुढचा स्वर नेहमीपेक्षा जरा लांबवलाय का, किंवा ड्रमवाल्यानं ब्रश क्षणभर उचललाय का, ते बघा. शांत बॅलडमध्ये मंचावरची माणसं अशा आवाजाला नकळत उत्तर देतात, मी हे कितीतरी वेळा पाहिलंय. तसं झालं असेल तर ग्लासला हात लावू नका. तो काढला तर बासवाल्याचा तो लांबलेला स्वर विनाकारण अडखळल्यासारखा ऐकू येईल.